पिल्लांची धुरी

लग्नानंतर चौथ्या वर्षी, कळंबजवळच्या आमच्या घरामागे मी कोंबड्यांची शेड उभारली. कर्जतला आठ दिवसांचं शिक्षण घेऊन आले होते, त्यामुळे अंगात मास्तरीण संचारली होती. पिल्लं यायच्या आधी शेड बंद करायची, मातीच्या कुंडीत जांभळ्या पावडरीवर फॉर्मलिन ओतायचं आणि पळत सुटायचं. त्या वायूने हवेतले रोगजंतू मरतात. एक दिवस दारं बंद, मग दोन दिवस उघडी. वास गेल्याशिवाय पिल्लू आत न्यायचं नाही, हे वहीत मी दोनदा अधोरेखित केलं होतं.

सासूबाईंना यात नवं काही दिसेना. गावातल्या बाळांना त्याच न्हाऊ घालत आणि ओवा-वावडिंगाची धुरी देत. "धुरीच की गं ही! तुमी आत्ता शिकलात, आमी कवाच शिकलो."

एक दिवसाने दारं उघडली आणि तासाभरातच टेंपो दारात. पिल्लं दोन दिवस आधीच आली! मी टेंपोवाल्याशी भांडतेय तोवर सासूबाई चिवचिवणारं एक खोकं घेऊन शेडकडे निघाल्यासुद्धा.

"आई, थांबा! मरतील ती!"

"धुरीनं कुठं पोर मरतं गं? उलट गुटगुटीत होतं."

मी दार अडवून उभी राहिले. त्यांना आडवी जायची माझी ती पहिलीच वेळ. त्यांनी मला एकदा न्याहाळलं, खोकं माझ्या हातात दिलं आणि "बघतेच" म्हणत स्वतःच आत शिरल्या.

चार पावलंही गेल्या नसतील. तोंडाला पदर लावून, ठसकत बाहेर आल्या. डोळ्यांना नुसत्या धारा. विहिरीवर बादलीभर पाणी तोंडावर मारलं, मग म्हणाल्या, "ही धुरी नाय गं, अवदसा हाय!" आम्ही दोघी पोट धरधरून हसलो.

लगेच हुकूम सुटला, बाळंतिणीची खोली उघडा. माझ्यावर त्या खोलीत निजायची वेळ अजून आली नव्हती, म्हणून मी तिकडे बघायचंही टाळायची. त्या दिवशी तिथे भाताचं तूस पसरलं, खिडकी किलकिली ठेवून शेगडी पेटवली. सासूबाई एकेका पिल्लाची चोच साखरपाण्यात बुडवत बसल्या. दोन दिवस त्या खोलीत नुसता चिवचिवाट होता आणि मी सुखाने वेडी व्हायची बाकी होते.

तिसऱ्या सकाळी शेडमध्ये आधी त्याच गेल्या. बराच वेळ आत उभ्या राहिल्या, दोनदा खोल श्वास घेतला. मग दारात येऊन कोरडे डोळे मला दाखवत म्हणाल्या, "आण गं तुझी पोरं."

मी खोकं उचललं. वास कुठेच नव्हता, तरी माझे डोळे वाहत होते.