ओळंबाकाकांची नळी

काचेची नळी सरळ उभी आहे की नाही हे पाहायला ओळंबा लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नागपूरच्या आमच्या इस्पितळात ते लॅब टेक्निशियन होते. वडील गवंडी, त्यांचा पितळी ओळंबा काकांनी लॅबच्या खिडकीत टांगला होता. म्हणून ते ओळंबाकाका.

तान्ह्या बाळाच्या रक्तात जंतू शिरले तर ते बोलून थोडंच दाखवतं? दूध कमी पितं, जरा मलूल होतं आणि बघता बघता हातचं जातं. रक्तातले जंतू वाढवून पाहायच्या कल्चर तपासणीचा रिपोर्ट यायला तीन दिवस लागत. म्हणून ऐंशी सालाच्या सुमारास आमची सारी भिस्त काकांच्या नळीवर होती. बाळाची टाच टोचून बारीक नळीत रक्त घ्यायचं, नळी चिकणमातीच्या गोळ्यात तासभर उभी ठेवायची आणि तांबड्या पेशी किती खाली बसल्या ते मोजायचं. बाळाच्या वयाचे दिवस अधिक तीन, इतके मिलिमीटर चालतात. फार जास्त आले की धोका. नळी जरा कलली तरी आकडा उगाच वाढतो.

टोचताना काका बाळाशी बोलत. "रडू नको गा, राजा. तुले बोलता येत नाई न, म्हणून तुह्या रक्ताले इचारून राहिलो." कुणी कितीही घाई केली तरी ते नळीला हात लावू देत नसत. "घंटा म्हणजे घंटा, डॉक्टरबाई." मी नवी निवासी डॉक्टर, अंगात नको तेवढा ताठा. मला त्यांची गंमत वाटे आणि रागही येई.

खापरखेड्याच्या वीज केंद्रातल्या एका कामगाराचं तीन दिवसांचं बाळ होतं. गुलाबी, गुटगुटीत, सकाळी दोनदा दूध टाकलं, एवढंच. मी त्याला घरी सोडायचा कागद लिहून मोकळी झाले होते, बाप गाडी घेऊन आला होता. तेवढ्यात काका स्वतः रिपोर्ट घेऊन वॉर्डात आले. अठरा मिलिमीटर.

"लेकराले थांबवा, बाई."

भोवती उभ्या विद्यार्थ्यांदेखत मागे फिरायचं? मी म्हणाले, "नळी तिरपी लागली असेल, काका."

ओळंबा लावणाऱ्या माणसाला मी हे म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "तिरपी नव्हती, बाई. पुन्हा लावतो. एक घंटा द्या फक्त."

"बघते" म्हणून मी रिपोर्ट खिशात कोंबला. माझ्या शब्दावर विसंबून काका त्याच दिवशी भाचीच्या लग्नाला गावी गेले. बाळ घरी गेलं.

तिसऱ्या दिवशी त्याला परत आणलं तेव्हा अंग गार पडलं होतं. सलाईन लावेपर्यंत संपलं.

आठवड्याने काका आले ते थेट माझ्याकडे. "खापरखेड्याच्या लेकराचं काय झालं, बाई?"

तोंडातून निघून गेलं, "थांबवून घेतलं, काका. बरं होऊन गेलं."

काका लहान मुलासारखे हसले. "पाहा! म्या म्हनलं होतं न!"

पुढे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ते ही गोष्ट सांगत. "बाईनं आपल्या नळीचं ऐकलं, म्हणून लेकरू वाचलं." मी शेजारी उभी असले तर मान डोलवायची. निवृत्तीच्या निरोपसमारंभातही त्यांनी तेच सांगितलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. चूक कुणाच्याही हातून होते, पण हे खोटं मी दरवेळी नव्याने बोलत होते. त्याची लाज आजही जात नाही.

शेवटी खरं सांगून टाकायचंच म्हणून एका रविवारी त्यांच्या जरीपटका भागातल्या घरी गेले. काका फार थकले होते. मला पाहताच त्यांनी आत हाक मारली, "सूनबाई, लेकराले घेऊन ये वं. ह्याच त्या डॉक्टरबाई."

सुनेने दोन महिन्यांची नात माझ्या मांडीवर ठेवली. काका कौतुकाने म्हणाले, "पाहा, कशी बिनघोर झोपली. ह्या बाईच्या हातून एक लेकरू वाचलं हाये."

मी चहा घेतला आणि काही न सांगता परत आले. पुढच्या उन्हाळ्यात काका गेले.