पेवातली हवा

साखरखेर्ड्याला आमचं ज्वारीचं पेव उघडायला दरवर्षी एक माणूस यायचा. जमिनीतल्या त्या खड्ड्याचं तोंड मोकळं करून तो दिवसभर थांबे, मग दोरीने पेटता दिवा आत सोडे; विषारी हवा असली तर तो विझे. दिवा जळत राहिला, तरी घटकाभराने पुन्हा सोडे. मी एकदा हसलो.

"हवा मातीत अन् दाण्यात मुरून बसते, मालक," तो म्हणाला. "वरची गेली की आतली हळूहळू निघते. तिले घाई नसते."

त्या वर्षी खामगावच्या बाजाराला ज्वारी न्यायच्या गाड्या जुंपून उभ्या होत्या. पहिला दिवा नीट जळला. दुसऱ्या वेळेस दोरी माझ्याकडे देऊन तो भाकर खायला बसला. मी दिवा सोडलाच नाही. तो आल्यावर म्हणालो, "जळला. उतर आता."

"तुम्ही पाह्यलं ना? मंग झालं," म्हणत तो उतरला. आम्ही त्याला ओढून वर काढलं तेव्हा जीव गेला होता.

पंचनाम्याला आलेल्या जमादारासमोर त्याच्या भावाने मला विचारलं, "दुसरा दिवा न सोडताच उतरला का हो तो?"

मी 'हो' म्हणालो. वीस वर्षं होत आली. त्याच्या गावात त्याला अजून उतावळा म्हणतात.