पॅनेलवरचा पाऊस

आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान प्रभाकरन, घरातली खुर्ची कधी जागची हलवणार नाहीत. स्वयंपाकघरातला दिवा गेला तर तो बदलायला ओणम उजाडावा लागतो. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावरची ती पट्टी, जिच्यावर चित्रं आणि घड्याळ असतं, जिला ते पॅनेल म्हणतात, ती मात्र दर रविवारी हलणार. एका रविवारी तळाला, दुसऱ्या रविवारी डावीकडे उभी, तिसऱ्या रविवारी अशी लपलेली की माउस खाली नेल्याशिवाय वर येतच नाही. वैकमच्या शाळेत ते गणित शिकवायचे आणि लॅबही सांभाळायचे. आमच्या केरळात शाळांतल्या कॉम्प्युटरवर सगळीकडे लिनक्स, त्यात ही पट्टी हवी तशी हलवता येते. सुट्टीतल्या ट्रेनिंगला गेले आणि हे खूळ घेऊन आले. मास्तर रिटायर झाले, खूळ काही झालं नाही.

"अगं तंकम, बघ, मेनूचं बटण मधोमध आणलंय."

"मोरीचा नळ गळतोय, त्याला कधी हात लावताय?"

मला त्या पट्टीचा हेवा वाटायचा, सरळच सांगते. माझ्या साडीचा रंग मास्तरांना विचारा, सांगता यायचा नाही. पट्टीचा निळा मात्र जरासा गडद झाला तरी यांना चैन पडायचं नाही.

कॉम्प्युटर एकच, पण त्यात माझं खातं वेगळं आणि त्यांचं वेगळं. मी उत्सवाची पत्रकं, लग्नपत्रिका टाइप करून देते. माझ्या पट्टीवर त्यांनी तीन मोठी चित्रं डकवून दिली, "तुला एवढंच लागतं," म्हणाले, आणि पुन्हा कधी तिकडे बघितलं नाही. सगळी हौस स्वतःच्या पट्टीवर.

एक गोष्ट मात्र मला आवडायची. आमचा जिथू डब्लिनला कंपनीत लागला तेव्हा मास्तरांनी पट्टीवर तिथलं घड्याळ आणि तिथलं हवामान बसवलं. ऊन असलं की छोटा सूर्य, पाऊस असला की ढग. बापाचं प्रेम ते एवढंच, असं मी समजायचे. पोरगा खरा माझा. रोज संध्याकाळी फोन मला करणार, काय खाल्लं, किती ऊन पडलं ते मला सांगणार. बापाला फक्त निरोप, "अच्छनना सांग, जेवलो म्हणून."

एका सकाळी मास्तर खातं उघडंच ठेवून मासळी आणायला गेले. मी पत्रक टाइप करायला बसले, माउस खाली नेला, तशी पट्टी वर आली. घड्याळ तेच होतं, पण हवामानापुढे डब्लिन नव्हतंच. तिथे लिहिलं होतं गॉलवे, त्याच देशातलं दुसरं गाव. वर ढग, खाली थेंब.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गॉलवेच्या इस्पितळात कोण कामाला आहे हे आख्ख्या वैकमला ठाऊक आहे. रोसम्मा, मास्तरांच्या कॉलेजातली ख्रिस्ती मुलगी. माझ्या लग्नात पायसम वाढता वाढता नणंदेनं तेही वाढलं होतं, "त्या नसराणी पोरीसाठी आमचा दादा दिवसभर उपाशी बसला होता हो!" आणि आता या वयात, पोटच्या पोराचं गाव काढून त्या बयेचं गाव बसवलं! तिच्याकडे पाऊस पडतो की ऊन, याची यांना काळजी. माझे गुडघे ढग आले की ठणकतात, त्याचं हवामान कोणी बघितलंय का कधी?

मी माउसचं उजवं बटण दाबलं आणि गॉलवे उडवून टाकलं.

दुपारी जेवताना मास्तर म्हणाले, "आमटीत आंबट जास्त झालंय."

"आज सगळंच जास्त झालंय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गॉलवे परत जागेवर. ते अंघोळीला गेले, मी पुन्हा उडवलं. तिसऱ्या दिवशी परत, आणि वर पट्टीला कुलूप. कुलूप काढायला मलाही येतं. तोंडातून दोघंही अवाक्षर काढत नव्हतो. शेवटी सकाळी न्याहारीचा पुट्टू वाढताना माझ्यानं राहवेना.

"मास्तर, रोसम्माकडे छत्री आहे ना?"

"कोण रोसम्मा?"

"आता कोण रोसम्मा! गॉलवेत रोज धो धो पडतोय. भिजत असेल बिचारी."

मास्तरांनी सोलायला घेतलेलं केळं खाली ठेवलं. "ती तिथे असते? मला तुझ्याकडूनच कळतंय."

"मग माझ्या पोराचं गाव काढून ते कशाला बसवलंत?"

"तंकम," ते म्हणाले, "पोराचंच गाव आहे ते."

मग सगळं बाहेर आलं. डब्लिनची कंपनी बंद पडली होती. जिथू गॉलवेच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालतो, भरवतो.

"मला म्हणाला, अम्माला सांगू नका. तिनं गावभर इंजिनिअर मुलाचं कौतुक करून ठेवलंय."

"तुम्हाला कधी म्हणाला?"

"फोनवर. तू देवळात जातेस ना, तेव्हा करतो."

"रोज?"

मास्तरांनी मान खाली घातली. "रोज."

रोसम्मा असती तर बरं झालं असतं. मी भांडले असते, नणंदेला शिव्या घातल्या असत्या, भांडी आपटली असती आणि मोकळी झाले असते. पण माझ्या पोरानं रडायला बाप निवडला आणि मला रोज ऊन पाठवलं. असा जळफळाट मला जन्मात कोणाबद्दल झाला नव्हता, आणि तो या माणसाबद्दल, ज्याला केळंसुद्धा घडातून मलाच तोडून द्यावं लागतं.

मी उठले आणि माझं खातं उघडलं. त्या तीन चित्रांशेजारी उजवं बटण दाबलं. मास्तर मागे येऊन उभे राहिले.

"मी लावून देऊ?"

"माझ्या पट्टीला हात लावायचा नाही!"

दोनदा भलतंच काहीतरी आलं, पट्टी वाकडी होऊन बसली, पण अखेर मी लिहिलं गॉलवे आणि तिथे ढग उगवला.

संध्याकाळी फोन आला. मी कॉम्प्युटरसमोरच बसले होते.

"अम्मा, आज डब्लिनला काय मस्त ऊन पडलंय!"

माझ्या पट्टीवर थेंब होते.

"बरं," मी म्हटलं. "बाहेर पडताना छत्री घे. गॉलवेचा पाऊस काही थांबलेला दिसत नाही."

त्यानं बारीक आवाजात विचारलं, "अच्छननी सांगितलं?"

अजूनही आधी तोंडात तेच नाव.

"ते राहू दे," मी म्हटलं. "आता मला सांग, पहिल्यापासून. आणि अच्छनना सांगितलंस त्यापेक्षा एक गोष्ट जास्त सांग."