गळतीमामा आणि आलेखावरचं टेंगूळ

गळतीमामांच्या कानाबद्दल मी सांगेन त्यातलं निम्मंच खरं माना. तेवढंही पुष्कळ होईल. परळच्या आमच्या प्रयोगशाळेत पंप चालू असले की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नसे, आणि हा माणूस खालच्या जिन्यावरूनच ओरडायचा, "कोण रे तो? डावीकडचा तिसरा नट ढिला ठेवलाय!" काळाचौकीच्या त्यांच्या चाळीत म्हणे नळाला पाणी यायच्या पाच मिनिटं आधी मामा बादली लावत आणि त्यांच्याकडे बघून सगळी चाळ रांग धरी.

हुद्द्याने ते लॅब असिस्टंट. वडील गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात तुटलेला धागा ऐकायचे. कान तिथून आलेला. मामांचं काम एकच: आमच्या पोलादी पिंपातली हवा काढायची आणि परत आत येऊ द्यायची नाही. संशय आला की स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा ते एकेका जोडावर फिरवत. जिथे चीर, तिथून स्पिरिटची वाफ आत शिरे आणि दाबाच्या मीटरचा काटा उडे. त्या वेळी कोणी बोललेलं खपत नसे. माझ्या गाइड मॅडमनाही त्यांनी एकदा सुनावलं होतं, "मॅडम, श्वास जरा हळू."

त्या पिंपात मी वर्षानुवर्षं एकच उद्योग केला. केळी पिकवणाऱ्या वायूच्या भावकीतला एक चिमुकला रेणू आत सोडायचा, त्यावर अतिनील किरण मारायचे आणि उडालेला इलेक्ट्रॉन पकडून त्याची ऊर्जा मोजायची. मागे उरलेला रेणू थरथरतो. ती थरथर आलेखावर शिखरांच्या रांगेत उमटते. कुठलं शिखर यावं, कुठलं येऊ नये, याचे नियम ठरलेले. आणि माझ्या शेवटच्या आलेखावर, नियमाने काहीच नसावं अशा जागी, एक टेंगूळ!

"हवेतली पाण्याची वाफ आत शिरली असणार," मॅडम म्हणाल्या. "मामांना गळती सापडली तर हे मोजमाप वगळ आणि प्रबंध दे. नाही सापडली, तर टेंगूळ कशाचं ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही."

माझी पीएच.डी.ची नोंदणी दोन महिन्यांत संपत होती.

मामांनी दोन दिवस बोळा फिरवला. काटा ढिम्म. मी त्यांना कॅन्टीनमध्ये गाठलं. "मामा, बारीकशी सापडली म्हणा ना. केसाएवढी. कोणाचं काय जातंय?"

मामांनी बशी खाली ठेवली. "माझं जातं. असलेली गळती कधी लपवली नाही, आता नसलेली लावू? पिंप साफ आहे. म्हणजे बोलतोय तो तुझा रेणू. ऐक की त्याचं!"

मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. ते मात्र माझा पंप रोज वेळेवर चालू करत होते.

शेवटी मॅडमनी तोच रेणू जड हायड्रोजन घातलेला मागवला. टेंगूळ वाफेचं असेल, तर जागचं हलणार नाही. रेणूच्याच थरथरीचं असेल, तर जड अणूंनी ती मंदावेल आणि टेंगूळ सरकेल. आलेख उमटायला लागला. मी, मॅडम आणि मामा, तिघांचे डोळे पडद्यावर.

टेंगूळ सरकलं.

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. "इलेक्ट्रॉन उडतो तो वेगळा, अणू हलतात ते वेगळे, असं आपण धरून चालतो. इथे दोघं एकमेकांत गुंतलेत, म्हणून नियमाने बंद असलेलं शिखर उघडलं. लिहून काढ!"

मी असा सुस्कारा सोडला की मामा म्हणाले, "हळू, पंपावर लोड येईल."

माझ्या तोंडी परीक्षेपर्यंत मामा रिटायर झाले होते. तरी इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत हजर. बाहेरून आलेले परीक्षक दीड तास मला सोलत होते. "जड हायड्रोजनचं पटलं," ते म्हणाले. "पण पिंपात गळती नव्हती, हे कोण सांगतं?"

मागे खुर्ची वाजली. "मी सांगतो, साहेब. जोड अन् जोड बघितलाय."

परीक्षकांनी चष्म्यावरून मामांना नीट न्याहाळलं. मग पेनाला टोपण लावलं. "बसा तुम्ही." आणि माझ्याकडे वळून, "आता तुम्हीही बसा, डॉक्टर."

मी बसलो. मागच्या रांगेत, मामांच्या शेजारी.