बैठकीचं कापड

कोंडिबासारखा घुम्या माणूस अख्ख्या जौहरी बाजारात शोधून सापडला नसता. वाचा नव्हती असं नाही हो. भट्टीपुढं बसला की सोनं वितळवायच्या मुशीशी, चिमट्याशी, निखाऱ्याशी पुटपुटत असायचा. पण समोर माणूस आला की दातखीळ बसायची. विट्याकडच्या एका माळावरच्या गावातनं तो मिसरूड फुटायच्या आधीच जयपूरला आला, गावच्याच हिंदुरावांच्या गलाईच्या दुकानात. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. आमच्या त्या मुलखाला पाऊस कायमचा रुसलेला, म्हणून माणसं देशभर पांगली. जिथं सराफाचा बाजार तिथं आमचा एक तरी गडी भट्टीपुढं डोळे जाळत बसलेला असतोच. कोंडिबाच्या हातातनं रोज सोनं जायचं आणि संध्याकाळी हात झटकून तो जुन्या शहराच्या चारदीवारीतल्याच एका खोलीवर परत यायचा, मालनकडं.

मालन त्याची बायको. बोलायला चुरचुरीत, कामाला वाघीण. नवरा बोलत नाही म्हणून ती दोघांच्या वाटचं बोलायची. जयपूरची हिंदी तिनं वर्षभरात उचलली, आणि नळावरच्या बायका तिला 'मराठण भाभी' म्हणून आपल्यात बसवून घ्यायला लागल्या. पण पहिलं पोर ह्याच खोलीत गेलं. सुईणीच्या हातावर आलं आणि रडलंच नाही. मालनचं रक्त इतकं गेलं की ती उठेल असं कुणाला वाटलं नव्हतं. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कोंडिबाला बाजूला घेऊन बजावलं, की ह्या खेपेला घरी ठेवायचं नाही. खाट फुकट मिळेल, पण रक्त लागणार, औषधं बाहेरनं आणावी लागणार, तेव्हा पैसा हाताशी ठेव, नाहीतर बाई वाचायची नाही. कोंडिबानं मान हलवली.

पैसा आणायचा कुठनं? हिंदुराव गड्याचा पगार वर्षाच्या शेवटी द्यायचे, आणि कोंडिबाची उचल पहिल्या पोराच्या वेळीच होऊन बसली होती. एकदा कसंबसं त्यानं विचारलं, तर ते म्हणाले, पोर हुईल तवा बघू की, आदीच कशाला बाजार मांडतूस? बिचाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण कोंडिबानं पुन्हा तोंड उघडलं नाही. त्यानं बिडी सोडली, बाजारातला चहा सोडला, त्या वर्षी गावच्या जत्रेलाही गेला नाही, आणि चार पैसे साठवले. ते पुरण्याजोगे नव्हते, हे त्यालाही ठाऊक होतं.

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर गल्लीतला एक जुना दागिन्यांचा कारखाना मोडला. अशा कारखान्यात कारागीर जाड्या सुती कापडाच्या घड्यांवर बसतात आणि कानस चालवतात. खाली सांडलेला सोन्याचा कीस मालक रोज झाडून घेतो, तरी बारीक धूळ कापडाच्या विणीत जाऊन बसतेच. वर्षानुवर्षं बसते. ते कापड जाळायचं, राख धुवायची, उरलेलं मुशीत घालून गाळायचं, की तळाला सोनं. कोंडिबानं कोपऱ्याची एक चिंधी मागून घेतली, जाळून बघितली, आणि त्याचे डोळे चमकले. साठवलेलं सगळं देऊन त्यानं ते बैठकीचं कापड उचललं. त्याच्या हिशोबानं त्यातनं चिंचोक्याएवढा तरी गोळा निघणार होता. रक्त, औषधं सगळं होऊन वर मालनला महिनाभर डिंकाचे लाडू करता आले असते.

पण भट्टी हिंदुरावांची. गडी स्वतःचा धंदा करतोय असं कळलं असतं तर त्यांनी त्याच पावली गावची गाडी दाखवली असती. संक्रांत झाली की ते पुतण्याच्या लग्नाला गावी जाणार होते, दुकानाची किल्ली कोंडिबाकडं राहणार होती. तोवर कापड घरी ठेवायचं ठरलं. त्यानं गाठोडं आणून खाटेखाली सरकवलं. मालननं विचारलं, काय हाय? तो म्हणाला, "कापाड." झालं. येवढंच. सोन्याची गोष्ट घरात बोलू नये, भिंतीलाही कान असतात, हे गलाईवाल्याला पहिल्या दिवशी शिकवतात, आणि हा बाबा पहिल्या दिवशी शिकलेलं कधी विसरला नाही. अरे पण बायकोला? तिच्याच जिवासाठी केलेली गोष्ट तिलाच सांगायची नाही? असल्या शहाणपणाला काय चाटायचंय!

आता मालनचं ऐका. आपल्यात बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही आणत नाहीत. झबली, टोपडी, बाळुती, सगळं जुन्या मऊ कापडाचं. ते पुरवायचं काम पोरीच्या आईचं. मालनची आई तिच्या लग्नाआधीच गेलेली, आणि स्वतःची लुगडी दोनच, दोन्ही रोजच्या नेसायची. पोराला गुंडाळायचं कशात, ह्या काळजीनं तिला झोप लागायची नाही. अशात नवऱ्यानं न सांगता जुन्या सुती कापडाचं गाठोडं आणून खाटेखाली ठेवलं. तिला काय वाटलं असेल? दगडाला पाझर फुटला, असंच वाटलं. ह्याच्या ध्यानात हाय सगळं, नुसतं बोलता येत नाही, म्हणून ती बिचारी गाठोड्याकडं बघून रडली. आणि विचारून त्याला लाजवायला नको म्हणून गप्प राहिली. आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहिली, ती नेमकी तेव्हा.

संक्रांतीला जयपुरात दुकानं उघडत नाहीत. सगळं शहर गच्चीवर पतंगाला जातं. कोंडिबा सकाळी हिंदुरावांचं सामान बांधून द्यायला गेला होता. दुपारी मूठभर तिळाच्या रेवड्या कागदात बांधून तो गल्लीत शिरला. वर 'वो काटा'चा कल्ला चाललेला. सहज त्यानं मान वर केली आणि आपल्या गच्चीवरच्या दोरीवर त्याला कापड दिसलं. स्वच्छ, पांढरंधोप. काही तुकड्यांची झबली शिवलेली, काहींची दुपटी, एका मोठ्या तुकड्याला गोधडीचे टाके घातलेले. तो जिना चढून गेला, तर मालन कमरेवर हात ठेवून उभी होती. नळावरच्या बायकांनी मदत केली, सोड्यात घालून दोनदा उकळलं, काय मळ होता म्हणून सांगू, नुसतं काळं पाणी, असं ती कौतुकानं सांगत होती.

"पानी कुटं गेलं?" कोंडिबानं विचारलं.

मोरीत, म्हणाली ती. धुणं तीन दिवसांपूर्वीचं होतं. तेव्हापासनं ती तो दुकानात असताना शिवत बसलेली, आणि तो यायच्या आत परत गाठोड्यात बांधून खाटेखाली ठेवत होती. आज सणाचं त्याला दाखवायचं म्हणून सगळं एकदम दोरीवर घातलं होतं.

कोंडिबा जिना उतरून नळाकडं गेला. धुण्याच्या दगडाशी बसला आणि मोरीतला गाळ ओंजळीनं काढून घमेल्यात भरायला लागला. गच्चीवरची पोरं हसली. मराठा पगला गया, असं कुणी तरी म्हणालं. तीन दिवस अख्ख्या गल्लीचं पाणी त्या मोरीतनं वाहिलेलं, वर सकाळी झाडूवाल्यानं मोरी खरवडून नेलेली. अंधार पडेपर्यंत तो गाळ धूत होता. रेतीशिवाय काही लागलं नाही. मालन दारात उभी राहून बघत होती. गलाईवाल्याची बायको ती. नवरा घमेल्यात चिखल का हलवतोय हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं एकच विचारलं, किती हुतं? त्यानं बोटाच्या पेरावर चिंचोक्याएवढं दाखवलं.

खरं तर त्यानं तेव्हाच उठून संभाजीकडं जायला हवं होतं. शेजारच्या रस्त्यावर संभाजीचं गलाईचं दुकान होतं, तोही आमच्याच मुलखातला, दिलदार माणूस. गेलाही कोंडिबा, दुसऱ्या दिवशी सकाळी. बसला. संभाजीनं चहा पाजला, तिळगूळ दिला, वहिनींची तब्येत विचारली. हा म्हणाला, बरी हाय. चहा संपला तसा हा उठून आला. बोललं तर कापडाचं सांगावं लागेल, कापडाचं कळलं की हिंदुरावांच्या कानावर जाईल, नोकरी जाईल. शिवाय हात पसरायची लाज. गरिबाला लाज फार महागात पडते हो, पण ती काही सुटत नाही.

घरी आला तर मालननं दोरीवरचं सगळं काढून घडी करून ठेवलं होतं. "घ्या. जाळा," ती म्हणाली. "ऱ्हायलं आसंल थोडंफार."

जन्माच्या आधी बाळाचे कपडे जाळायचे? असला अपशकुन कुणी वैऱ्यानंही करू नये. तो हात मागं घेऊन उभा राहिला. तेव्हा मालन म्हणाली, "औषिदाबिगर मरन्यापरास उगडं ऱ्हायलेलं बरं." आणि घड्या तिनंच त्याच्या हातात दिल्या. एक टोपडं तिनं उशीखाली सरकवलं होतं. ते त्याला दिसलं, ते त्यानं तिथंच राहू दिलं.

हिंदुराव गेल्यावर त्यानं भट्टी पेटवली. झबली जळली, दुपटी जळली, मालननं बारीक टाके घातलेली गोधडी जळायला सगळ्यात वेळ लागला. राख धुतली, टाकणखार घालून मूस आचेवर ठेवली. मूस फोडली तेव्हा तळाला तुरीच्या डाळीएवढा कण होता. त्यानं तो कागदात बांधला. मग सराफाकडं जाऊन विकून आला.

त्यानंतर आठवडाही गेला नाही आणि मालनच्या पोटात कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. सायकल रिक्षानं त्यानं तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई भली होती, धावून आली. सकाळी पोरगी झाली. बारकी, पण रडली. चांगली ठणठणीत रडली. नर्स बाहेर येऊन म्हणाली, भैया, कपडा दो, बच्ची को लपेटना है. कोंडिबाच्या हातात टोपड्याशिवाय काही नव्हतं. त्यानं अंगातला सदरा काढून दिला. भट्टीपुढचा सदरा, तेजाबानं भोकं पडलेला, महिनाभर न धुतलेला. नर्सनं नाक मुरडलं, पण थंडी होती, घेतला.

मालनचं रक्त थांबत नव्हतं. कोंडिबाचं जुळलं नाही. त्या कणाच्या पैशात फाटकाबाहेरच्या एका रक्त विकणाऱ्याची एक बाटली आली, ती चढवली. दुपारपर्यंत आणखी दोन लागतील, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्याला आत सोडलं तेव्हा मालन कागदासारखी पांढरी पडली होती. पोरगी कुशीत होती, डोक्यावर टोपडं, अंगाभोवती सदरा. मालननं सदऱ्याच्या बाहीवरनं बोट फिरवलं.

"अवो," ती म्हणाली, "ह्यो सदरा धुवायचा का न्हाई? ह्या बारीला आदीच सांगा."

ह्या बारीला कोंडिबा बोलला. "हाय त्यात बी थोडं," तो म्हणाला. "पर धू तू. सगळं जाऊ दे वाहून. बरी हो आन् धू."

ती हसल्यासारखं करून डोळे मिटून पडली. कोंडिबा तसाच बनियनवर थंडीत संभाजीच्या दुकानापर्यंत पळत गेला आणि दारात उभं राहून एका दमात सगळं सांगून टाकलं. कापड, मोरी, भट्टी, हिंदुराव, सगळं. संभाजीनं गल्ला उघडला, होतं तेवढं त्याच्या हातात कोंबलं, स्वतःचा कोट त्याच्या खांद्यावर टाकला आणि त्याच्याबरोबर बाहेर पडला. रस्त्यात येवढंच म्हणाला, "गड्या, परवा च्या पिताना बोलला आस्तास तर?"

रक्त विकणारा माणूस घेऊन ते दवाखान्यात पोचले तेव्हा मालनच्या तोंडावर चादर ओढलेली होती. पोरगी शेजारच्या खाटेवरच्या बाईनं छातीशी घेतली होती आणि ती दूध पीत होती.

हिंदुरावांनी गावाहून आल्यावर सगळं ऐकलं. रागावले नाहीत, नोकरीवरनं काढलं नाही, उलट तेराव्याचा खर्च त्यांनीच उचलला. त्याचंच कोंडिबाला जास्त लागलं. इतकी वर्षं तो कुणाला भीत होता, कोण जाणे.

पोरीला त्याची बहीण गावी घेऊन जाणार होती. जायच्या आदल्या दिवशी कोंडिबानं तो सदरा सोड्यात घालून उकळला आणि नळावर नेला. त्याच दगडावर आपटून आपटून धुतला. काळं पाणी त्याच्या पायाजवळनं मोरीत चाललं होतं, तिकडं त्यानं एकदाही बघितलं नाही. पिळून झाल्यावर तो गच्चीवर गेला आणि सदरा दोरीवर वाळत घातला, कारण गाडीत पोरीला गुंडाळायला घरात दुसरं काही नव्हतं.