कपाशीचं औषध

लग्न होऊन मी शहाद्याजवळच्या तापीकाठच्या गावात आले, त्याच उन्हाळ्यात घरच्या कुत्रीची सगळी पिलं मेली. पिसवांनी त्यांचं रक्त शोषून घेतलं होतं. कुत्री स्वतःलाच इतकी चावायची की शेपटीपाशी कातडं निघून लाल मांस दिसायचं. तिच्या विष्ठेत तांदळाच्या दाण्यांसारखे जंत वळवळत.

मग पिसवा घरात शिरल्या. थोरल्या दिरांचं तान्हं मूल चावून चावून सुजलं. एका सकाळी दीर संतापून उठले आणि कपाशीवर फवारायचं औषध पाणी न घालता त्यांनी कुत्रीच्या पाठीवर ओतलं.

तिनं अंग चाटलं. थोड्याच वेळात पाय ताठले, तोंडाला फेस आला, डोकं जमिनीवर आपटू लागलं. साखळी सोडवायला दीर वाकले, तर तिनं मनगटात दात रुतवले. रक्ताची धार लागली. त्यांनी हात हिसकला, कपडे धुवायचं धोपाटणं उचललं आणि तिच्या कमरेत घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी चुलीपाशी ऐकला.

सासूबाई गोठ्यातून धावत आल्या. त्यांनी धोपाटणं हिसकावलं आणि पोटच्या मुलाच्या कोपरावर हाणलं. ते खालीच बसले.

"जहर तू टाकं," त्या म्हणाल्या. "ती चावी नही तर का करी? आते हात उचलशी तर मी तुन्ही माय नही."

मग त्यांनी उघड्या हातांनी साबण लावून कुत्रीला धुतलं. मी पाणी ओतत राहिले. दुपारी सासूबाईंनाच ओकाऱ्या सुरू झाल्या, हातांची आग होऊ लागली.

दिरांना पोटात सुया घ्याव्या लागल्या. शहाद्याच्या गुरांच्या डॉक्टरांना मी जंतांबद्दल विचारलं. ते म्हणाले, अंग चावताना पिसू गिळली जाते, तिच्यातूनच हा जंत पोटात जातो. जंताचं औषध द्या, पण बसायची जागाही साफ करा, नाहीतर पिसवा परत येतील.

आम्ही तिचं गोणपाट जाळलं, जमिनीच्या भेगांत उकळतं पाणी ओतलं. कुत्री जगली, पण मागचा पाय ओढतच चालायची.

सासूबाई मुलाशी बोलेनात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी दिरांनी स्वतः पाणी तापवलं, कुत्रीला मांडीवर घेतलं आणि फणीनं एकेक पिसू काढून रॉकेलच्या वाटीत टाकू लागले. कुत्री थरथरत होती. सासूबाई शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांनी तिचं तोंड धरलं.