भट्टीची किल्ली अक्काबाईंकडे

उत्तराच्या पायाला भिंगरी आहे, असं तिची आई म्हणायची. अंबडच्या कारखान्यात अठरा वर्षं तिने पुर्जे तपासले आणि पंचेचाळिसाव्या वर्षी एक दिवस राजीनामा देऊन मोकळी झाली. नाशिक रोडच्या सोसायटीतल्या गॅरेजमध्ये तिने चाक बसवलं, विजेची भट्टी आणली आणि चिनी मातीचे कप, वाडगे, दही लावायची भांडी करू लागली. हात सुरेख. खोट एकच, हिला दम धरवत नाही. बाराशे अंशांपर्यंत तापलेली भट्टी निवायला दीड दिवस लागतो, आणि ही बाई त्याआधीच दार उघडते. आतली दोन-चार भांडी तडकतात, ही हळहळते, पुढच्या खेपेला पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

स्वतःची भांडी फुटत होती तोवर ठीक होतं. या उन्हाळ्यात तिने वरच्या मजल्यावरच्या अक्काबाईंची लोणच्याची बरणी फोडली. अक्काबाई ऐंशीला टेकलेल्या, पण अख्ख्या इमारतीला लोणचं त्यांच्या हातचं. फळीवरची बरणी काढून द्यायला उत्तरा धावली, स्टूल आणण्याइतकाही धीर नव्हता. चाळीस वर्षांची बरणी फरशीवर आली.

"आता तूच कर दुसरी," अक्काबाई म्हणाल्या. "महिनाअखेरीला कैऱ्या आणणार आहे मी."

उत्तराने दोन बरण्या केल्या. पण कैऱ्या चिरून झाल्या, मीठ लागलं, फोडणी निवली, तरी भट्टी दोनशे अंशांवरच. उत्तराने दार उघडलं. दोन्ही बरण्या धडधाकट निघाल्या! एक अक्काबाईंच्या हाती दिली, दुसरी स्वतःच्या ओट्यावर ठेवली.

तिसऱ्या दिवशी चहा गाळताना ओट्यावरून आवाज आला. टिंग. थोड्या वेळाने पुन्हा टिंग. उत्तराने बरणीवर शाई चोळून पुसली, तर झिलईवर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उमटलं. वरची बरणीही त्याच भट्टीतली. मीठ-तेल भेगांत झिरपणार आणि दिवाळीच्या आत वर्षाचं लोणचं बुरसणार.

"त्यांना कुठे दिसणार आहे?" नवरा उपेंद्र म्हणाला. "आणि लोणचं काय, कशानेही बिघडतं."

तेही तिला पटलं. दोन दिवस पटलेलं होतं, आणि त्या दोन दिवसांत तिने आमटीत दोनदा मीठ घातलं, कपाट उपसून तसंच ठेवलं, जिन्यात चार वेळा जाऊन परत आली. पाचव्या वेळी वर गेली आणि दारातच सगळं सांगून टाकलं.

अक्काबाई भडकल्या. "अगं, मग आधी नाही का बोलायचं? वर्षाचं लोणचं आहे माझं!"

दोघींनी मिळून लोणचं काचेच्या बाटल्यांत काढलं. हात धुताना अक्काबाई म्हणाल्या, "पुन्हा कर बरणी. पण या खेपेला भट्टी बंद झाली की गॅरेजची किल्ली माझ्याकडे. लोणचं मुरेपर्यंत मी बरणीवरचं फडकं सोडत नाही, आणि तुला दीड दिवस निघत नाही?"

नवी बरणी भाजून झाली, किल्ली अक्काबाईंच्या कनवटीला गेली. सकाळी उत्तरा वर गेली, "नुसता आकडा बघून येते." नाही. तासाभराने गेली, छत्री खाली राहिली म्हणे. भर उन्हात छत्री! तरीही नाही. दुपारी तिसऱ्यांदा गेली तेव्हा अक्काबाई वैतागल्या.

"घे बाई. मी कुठवर राखण करू तुझी?"

उत्तरा धावतच खाली आली. शटर वर केलं. भट्टीवर आकडा एकशे साठ. तिने कडीला हात घातला. आता काय होतंय, दोनशे तर नाही ना! टिंग ऐकू येतंय का म्हणून कान लावला, आत सगळं शांत होतं. तिने कडीवरचा हात काढला. मग शटर खाली ओढून, कुलूप घालून, जिने चढून वर आली.

"उघडलीस?" अक्काबाईंनी विचारलं.

"नाही." तिने किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि त्यांची मूठ आपल्या हाताने मिटली. "उद्या सकाळी द्या. आणि अक्काबाई, मी रडले तरी आधी देऊ नका."